ॲजाइल आणि स्क्रम एकच का? अर्ध्या स्प्रिंटमध्ये आलेला बदल घ्यायचा की नाही?

हिंजवडी_फेज३:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये सध्या कामाच्या पद्धतीतल्या एकाच गोष्टीवरून रोज वाद होतोय, दोन्ही बाजूची माणसं सीनियर, त्यामुळे आम्ही डेव्हलपर मधल्यामध्ये अडकलोय.

प्रोजेक्ट आहे एका इन्शुरन्स क्लायंटचं, हॉस्पिटलांसाठी कॅशलेस पोर्टल. स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, दोन आठवड्यांचा. या स्प्रिंटला ठरलेलं काम असं, की हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरच्या माणसाला पेशंटची प्री-ऑथ रिक्वेस्ट (उपचारांआधी इन्शुरन्स कंपनीकडे मागायची मंजुरी) टाकता आली पाहिजे, कागदपत्रं अपलोड करता आली पाहिजेत आणि मंजुरी आली की नाही ते तिथंच दिसलं पाहिजे. अर्धा स्प्रिंट झाला आणि क्लायंटचा मेल, दोन बदल हवेत. एक म्हणजे सध्या आपण फक्त पीडीएफ घेतोय, तर मोबाइलवर काढलेला फोटोही चालला पाहिजे कारण छोट्या हॉस्पिटलांत स्कॅनरच नसतो. दुसरा, त्यांच्या वरच्या साहेबांना महिन्याच्या मीटिंगमध्ये दाखवायला डॅशबोर्ड हवाय, राज्यवार आकडे, चार्ट वगैरे.

डिलिव्हरी मॅनेजर म्हणतात आपण ॲजाइल आहोत, बदलाला नाही म्हणायचंच नाही, दोन्ही घ्या, शनिवारी बसू. स्क्रम मास्टर (टीम स्क्रमची पद्धत नीट पाळतेय ना ते बघणारा) म्हणतो स्प्रिंट एकदा सुरू झाला की लॉक, स्क्रममध्ये मध्येच काहीही घेता येत नाही, फोटोचंही नाही. आता एक माणूस ॲजाइलचं नाव घेतो, दुसरा स्क्रमचं, आणि मला तर आजवर दोन्ही एकच वाटत होतं. कॉलेजलाही ॲजाइल शिकवलं तेव्हा थेट स्प्रिंटचीच आकृती काढून दिली होती. मग नक्की फरक काय, आणि बरोबर कोण?

कर्जत_फास्ट:

दोघांनीही अर्धंच वाचलंय असं दिसतंय. आधी फरक सांगतो, मग तुमच्या केसवर येतो.

ॲजाइल ही कामाची रेसिपी नव्हे, निर्णय घेताना कशाला जास्त वजन द्यायचं ते त्यात सांगितलंय. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्डला १७ जण जमले, प्रत्येकाची आपापली पद्धत होती, केंट बेक एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाले, ॲलिस्टर कॉकबर्न क्रिस्टलवाले, केन श्वाबर आणि जेफ सदरलँड स्क्रमवाले. या सगळ्यांचं ज्यावर एकमत झालं ते त्यांनी लिहून काढलं, ४ मूल्यं आणि १२ तत्त्वं, एवढाच तो मॅनिफेस्टो. त्यात स्प्रिंट नाही, रोजची छोटी मीटिंग म्हणजे स्टँडअप नाही, कोणतं काम आधी ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर नाही, कामाच्या आकाराचा अंदाज सांगणारे स्टोरी पॉइंट नाहीत. जिरा, म्हणजे कामांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, तर बाजारात आलं २००२ ला.

स्क्रम म्हणजे स्प्रिंटमध्ये काम करायची ठरलेल्या नियमांची पद्धत, आणि ती त्याच्याही आधीची आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहिला होता, होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवीन प्रॉडक्ट लवकर कसं बाहेर काढतात त्यावर, म्हणजे गाड्या, कॅमेरे, कॉपियर. स्क्रम हा शब्द रग्बीतला, ती उपमा तिथली. सदरलँडनी १९९३ मध्ये सॉफ्टवेअर टीमवर ते वापरून बघितलं आणि १९९५ च्या ऊप्स्ला (OOPSLA) या प्रोग्रॅमिंगच्या कॉन्फरन्समध्ये श्वाबर आणि सदरलँड यांनी ते लोकांसमोर मांडलं. म्हणजे ॲजाइलमधून स्क्रम निघालं असं नाही, उलट स्क्रमवाले आणि इतर लोक एकत्र बसले तेव्हा ॲजाइल हे नाव ठरलं.

आणि स्क्रमचे नियम लेखी आहेत. स्क्रम गाइड २०१० ला पहिल्यांदा आलं, आत्ता चालू आहे ते नोव्हेंबर २०२० चं, पंधरा पानांच्या आत संपतं. तीन जबाबदाऱ्या: प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर, डेव्हलपर. पाच इव्हेंट, त्यात स्प्रिंट स्वतः धरलेला. तीन आर्टिफॅक्ट, म्हणजे कामांच्या याद्या आणि तयार झालेला भाग. यातला एखादा भाग गाळलात तरी चालेल पण मग त्याला स्क्रम म्हणू नका, असं गाइडमध्येच सरळ लिहिलंय. ॲजाइलबद्दल असं कुणी म्हणू शकत नाही, कारण तिथं गाळण्यासारखा भागच नाही.

आता तुमची केस. मॅनेजरसाहेब जे तत्त्व धरून बसलेत ते खरंच आहे, उशिरा आलेल्या बदलाचंही स्वागत करा असं १२ मधलं दुसरं तत्त्व म्हणतं. पण त्याच यादीत हेही आहे की टीमला कितीही काळ टिकवता येईल असा वेग ठेवा, आणि हेही की न करावं लागणारं काम जितकं वाढवता येईल तितकं वाढवा. शनिवारी बसून दोन्ही घेणं हे या दोन तत्त्वांच्या विरुद्ध जातं. एक तत्त्व उचलायचं आणि बाकी अकरा सोडायची याला मी ॲजाइल म्हणणार नाही.

स्क्रम मास्टर म्हणतो तसं लॉक वगैरे स्क्रम गाइडमध्ये कुठेही नाहीये. तिथं आहे ते असं, की स्प्रिंट गोलला धोका पोचेल असा बदल करायचा नाही, क्वालिटी खाली जाऊ द्यायची नाही, आणि काम करता करता जसजसं कळत जाईल तसतसा स्कोप प्रॉडक्ट ओनरशी बोलून परत ठरवता येतो. गोल घट्ट, स्कोप सैल. म्हणून विचारायचं एकच, तुमच्या स्प्रिंटचा गोल काय होता? हॉस्पिटलच्या डेस्कवरून रिक्वेस्ट जाणं आणि स्टेटस दिसणं. छोट्या हॉस्पिटलात स्कॅनरच नसेल तर पीडीएफच्या अटीमुळे तो गोल तिथं पुराच होत नाही. म्हणजे फोटो अपलोड गोलच्या आतलं आहे. तो घ्या, बदल्यात दुसरं काहीतरी बाहेर काढा, समजा स्टेटसचा ईमेल अलर्ट पुढच्या स्प्रिंटला ढकला, पानावर स्टेटस दिसतंय ना मग झालं. डॅशबोर्डचा गोलशी काही संबंध नाही, तो प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांच्या यादीत, त्याचा क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवेल. यात ना मॅनेजर पूर्ण बरोबर ना स्क्रम मास्टर, आणि हे ठरवायचा अधिकार खरं तर दोघांचाही नाही, प्रॉडक्ट ओनर आणि डेव्हलपरांचा आहे.

हिंजवडी_फेज३:

वा, गोल आणि स्कोप वेगळे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे स्प्रिंट गोल असा लिहिलेला नसतोच, प्लॅनिंगला १४-१५ तिकिटं (जिरामधल्या एकेका कामाच्या नोंदी) ओढतो आणि ती सगळी संपवणं हाच गोल. आणि अजून एक, आमचं स्टँडअप ४० मिनिटं चालतं, मॅनेजर जिराची स्क्रीन शेअर करतात, एकेक तिकीट उघडायचं, ज्याचं तिकीट त्यानं काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय सांगायचं, बाकीचे म्यूटवर. हे तरी स्क्रमनुसार आहे का?

कर्जत_फास्ट:

सगळी तिकिटं संपवणं हा गोल धरला की एक तिकीट बदललं तरी गोल मोडतो, म्हणूनच तुमच्या स्क्रम मास्टरला लॉकची गरज पडतेय. २०११ च्या गाइडपासून डेव्हलपर स्प्रिंटमधल्या कामाचं वचन देत नाहीत, अंदाज देतात. वचन कशाचं, तर गोलचं. पुढच्या प्लॅनिंगला आधी एक वाक्य लिहा, या दोन आठवड्यांनी कोणाला काय करता येणार ते, आणि मग तिकिटं ओढा.

डेली स्क्रमला, म्हणजे तुमच्या स्टँडअपला, १५ मिनिटं, आणि ती डेव्हलपरांची मीटिंग आहे, गोलकडे जाताना आज काय बदलायला हवं ते आपसात ठरवायला. ते तीन प्रश्नही २०२० च्या गाइडमधून काढून टाकलेत, आता टीमने हवं तसं करावं. मॅनेजरला रिपोर्ट देण्यासाठी ती नाहीच.

टेस्टिंगवाली:

वरचं सगळं पटलं पण एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. मी क्यूएमध्ये, म्हणजे टेस्टिंगमध्ये आहे. स्क्रम आल्यावर आमच्या आयुष्यात काय झालं तर पूर्वी सहा महिन्यांनी जो दबाव यायचा तो आता दर दुसऱ्या गुरुवारी येतो. पहिले सात-आठ दिवस डेव्हलपमेंट, मग बिल्ड (चालवून बघण्याजोगं तयार सॉफ्टवेअर) आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी, आणि शुक्रवारी सकाळी रिव्ह्यू, म्हणजे झालेलं काम दाखवायची मीटिंग. रात्रीत आम्ही रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना ते तपासणं) उरकायचं. स्प्रिंटच्या पोटातच वॉटरफॉल, म्हणजे आधी सगळं डेव्हलपमेंट आणि शेवटी टेस्टिंग ही जुनी पद्धत. आणि सगळे इव्हेंट अगदी वेळेवर होतात बरं का, स्क्रमच्या चेकलिस्टवर एकही खूण राहत नाही.

इथं फरक दिसतो. ॲजाइलची तत्त्वं म्हणतात चालणारं सॉफ्टवेअर हेच प्रगतीचं मुख्य माप, आणि तांत्रिक दर्जाकडे सतत लक्ष द्या. स्क्रम ते करायचं कसं याबद्दल मुद्दाम गप्प आहे, कोड कसा लिहा, टेस्ट कधी लिहा, यातलं काही सांगत नाही. फक्त एवढं म्हणतं की डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे काम झालं असं कधी म्हणायचं त्याच्या अटी, ठरवा आणि जे त्यात बसत नाही ते रिव्ह्यूला दाखवूसुद्धा नका. बाकीची जागा तुम्ही भरायची. ती जागा ज्यांनी भरली ते एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाले, १९९६ च्या सुमारास क्रायस्लरच्या पेरोल प्रोजेक्टवर केंट बेक यांनी जे सुरू केलं त्यातूनच टेस्ट आधी लिहिणं, दोघांनी मिळून कोड लिहिणं, दिवसातून अनेकदा कोड एकत्र करून बिल्ड चालवणं या सवयी लोकांपर्यंत गेल्या. स्क्रम घेतलं आणि हे घेतलं नाही तर काय होतं ते मी रोज बघते.

आमच्या टीममध्ये शेवटी एकच गोष्ट बदलून घेतली आणि ती तुम्हालाही सांगते. डेफिनिशन ऑफ डनमध्ये लिहिलं की ऑटोमेटेड टेस्ट त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदललेला कोड मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीत) पाहिजे, नाहीतर तो कोड मर्ज नाही. आधी सगळे चिडले. फोटो अपलोडचंच उदाहरण घ्या ना, डेव्हलपर माझ्या शेजारी बसला तर मी पहिल्या दहा मिनिटांत विचारणार, फोटो आडवा आला तर? आयफोनचा हेइक (HEIC) हा फोटोचा फॉरमॅट आला तर? १२ एमबीचा आला आणि हॉस्पिटलचं नेट मधेच गेलं तर? हे प्रश्न कोड लिहायच्या आधी आले की तासाभराचं काम, गुरुवारी रात्री आले की चार बग आणि एक स्पिलओव्हर, म्हणजे पुढच्या स्प्रिंटवर गेलेलं काम.

हिंजवडी_फेज३:

ताई, हेइकचं आत्ताच नोट केलं, आमच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

अजून एक विचारतो. वेलॉसिटीचं, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटचं काम झालं त्या आकड्याचं, काय? आमच्याकडे दोन टीम आहेत, त्यांचे पॉइंट ४८ आणि आमचे ३१, दर महिन्याला स्लाइडवर दोन्ही बार शेजारी शेजारी लावून आम्हाला विचारतात की तुम्ही मागे का. हे स्क्रममध्ये आहे का ॲजाइलमध्ये?

टेस्टिंगवाली:

दोन्हीत नाही. स्टोरी पॉइंट एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या लोकांकडून आले, प्लॅनिंग पोकर (टीमने पत्ते दाखवून पॉइंट ठरवायची पद्धत) २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग यांनी आणलं. स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट नाहीत, वेलॉसिटी नाही, युजर स्टोरीसुद्धा (वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली गरज) सक्तीची नाही. पॉइंट हे एका टीमने स्वतःच्या कामाचा आपापसात लावलेला अंदाज असतो, तुमचा ५ आणि त्यांचा ५ याचा एकमेकांशी काही संबंध नाही. अशी तुलना सुरू झाली की महिन्याभरात तुमचेही ४८ होतात, काम तेवढंच राहतं, फक्त ३ च्या जागी ५ लिहायला लागतात सगळे. स्लाइडवर काय लावायचं विचाराल तर किती हॉस्पिटलं पोर्टलवरून रिक्वेस्ट टाकायला लागली ते लावा.

सपोर्ट_क्यू:

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. आमची टीम प्रोडक्शन सपोर्टची, एका बँकेचं काम. आमच्यावरही वरून हुकूम आला होता की सगळ्यांनी स्क्रम करायचं. आता सोमवारी दोन आठवड्यांचं प्लॅनिंग केलं आणि मंगळवारी सकाळी पेमेंट अडकले तर त्या प्लॅनिंगचं काय करायचं? काम येतंच मुळी आडव्यातिडव्या पद्धतीनं, पुढचे दोन आठवडे कोणता गोल लिहिणार.

आम्ही कानबान या दुसऱ्या पद्धतीवर गेलो. स्प्रिंट नाही, पॉइंट नाहीत. बोर्डावर चार रकाने आणि प्रत्येकावर मर्यादा, टेस्टिंगच्या रकान्यात तीनपेक्षा जास्त कार्ड ठेवायचीच नाहीत. चौथं आलं की नवीन काम उचलायचं नाही, आधी टेस्टिंगमध्ये जाऊन मदत करायची. पहिल्यांदा हे लोकांना फार विचित्र वाटतं, माझं कोडिंग झालं मग मी दुसरं तिकीट का नको घेऊ असं म्हणतात. पण त्या एका नियमामुळे कुठं तुंबतंय ते सगळ्यांना उघड दिसायला लागलं, आणि आमच्याकडे ते तुंबत होतं डेटाबेसच्या परवानगीपाशी, टेस्टरपाशी नाही. परवानगीची पद्धत बदलून घेतली आणि तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा वेळ बराच खाली आला.

आता सांगा आम्ही ॲजाइल आहोत की नाही? लहान तुकड्यांत देतो, वापरणाऱ्याशी रोज बोलतो, ठरावीक काळानं बसून आपली पद्धत सुधारतो, १२ तत्त्वं काढून बघा, बहुतेक सगळी लागू पडतात. आणि स्क्रम आम्ही मुळीच करत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही. स्क्रमशिवाय ॲजाइल असतं, आणि टेस्टिंगवाली यांनी लिहिलं तसं ॲजाइलशिवाय स्क्रमही चालू असतं, अगदी वर्षानुवर्षं.

बाणेर_ऑफशोअर:

सगळं छान आहे हो, पण आपल्याकडच्या सर्व्हिसेस कंपन्यांची वस्तुस्थिती कुणीच लिहीत नाहीये. करार फिक्स्ड प्राइसचा. एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे कराराच्या कामाच्या तपशिलात, स्कोप लिहिलेला, तारीख लिहिलेली, उशीर झाला तर दंड लिहिलेला. तिथं स्कोप सैल कसा ठेवणार? फोटो अपलोड फुकटात घेतला की पुढच्या वेळी दहा गोष्टी फुकट मागतील. मी डिलिव्हरी बघतो, मला महिन्याच्या शेवटी मार्जिन दाखवावं लागतं. मॅनिफेस्टोत लिहिलंय करारापेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोठं, पण त्या १७ जणांना माझ्यासारखं बिलिंग नव्हतं करायचं. त्या बिचाऱ्या मॅनेजरला सगळे झोडपताय म्हणून लिहावंसं वाटलं.

कर्जत_फास्ट:

मुद्दा रास्त आहे आणि त्यावर नीट बोललं पाहिजे. पहिलं म्हणजे मॅनिफेस्टो करार नको असं म्हणत नाही. त्यातली चारही वाक्यं 'डावीकडचं उजवीकडच्यापेक्षा जास्त' अशा रूपात आहेत, करार उजवीकडे, आणि खाली स्पष्ट लिहिलंय की उजवीकडच्या गोष्टींनाही किंमत आहे, डावीकडच्यांना आम्ही जास्त देतो. हेच डॉक्युमेंटेशनचं, ॲजाइल म्हणजे कागद नको असं सांगून लोक डिझाइन नोटसुद्धा लिहीत नाहीत आणि माणूस सोडून गेला की सगळे हवालदिल.

दुसरं, फिक्स्ड प्राइसमध्येसुद्धा अदलाबदल करता येते. तारीख आणि पैसे पक्के, मग स्कोपमध्ये जेवढं आत तेवढंच बाहेर. फोटो आत, ईमेल अलर्ट बाहेर, दोन्हीचा आकार साधारण सारखा, क्लायंटला मेलवर विचारा आणि त्याचं हो घ्या. फुकट काहीच दिलं नाहीत. बरेच क्लायंट याला तयार होतात, कारण त्यांनाही एसओडब्ल्यू लिहिताना छोट्या हॉस्पिटलात स्कॅनर नाही हे माहीत नव्हतं. डॅशबोर्डचा मात्र सरळ सीआर (चेंज रिक्वेस्ट, करारात बदलाची मागणी) काढा, त्याचे पैसे वेगळे.

आणि तारीख हलवू नका. स्प्रिंट दोन दिवस वाढवू का असं टीम विचारते तेव्हा मी लोकलचं उदाहरण देतो, गाडी वेळेला सुटते, जो प्रवासी राहिला तो पुढच्या गाडीला येतो, त्याच्यासाठी हजार माणसांना फलाटावर ताटकळत ठेवत नाहीत. स्प्रिंटची लांबी कायम असली तरच पुढचा अंदाज बांधता येतो, आणि मार्जिनचा हिशोबही त्यावरच करता येतो ना.

बाणेर_ऑफशोअर:

अदलाबदलीचं मान्य. आमच्याकडे अडचण अशी की प्रॉडक्ट ओनर क्लायंटकडे बसतो आणि आपल्या बाजूला नुसता प्रॉक्सी असतो, बिझनेस ॲनालिस्टच असतो तो, त्याला एक तिकीट बाहेर काढायचं तरी तिकडे विचारावं लागतं, आणि उत्तर यायला दोन दिवस जातात. मग मॅनेजरच ठरवून टाकतो, दुसरं करणार काय.

सपोर्ट_क्यू:

हे मात्र खरं दुखणं आहे. बिझनेसवाले आणि डेव्हलपर यांनी रोज एकत्र काम करावं हे तत्त्व, आणि प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असावी, कमिटी नव्हे, हा स्क्रमचा नियम, दोन्ही इथंच मोडतात. क्लायंटकडून एवढं तरी लेखी घ्या की अमुक आकाराच्या आतली अदलाबदल प्रॉक्सी परस्पर करू शकतो. आमच्या बँकेनं दिलंय तसं, सुरुवातीला कां-कू केलं पण दोन रिव्ह्यू बघितल्यावर दिलं.

हिंजवडी_फेज३:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी प्रॉक्सी प्रॉडक्ट ओनर आणि आम्ही डेव्हलपर बसलो, वर लिहिलंय तसंच फोटो आत आणि ईमेल अलर्ट बाहेर असा मेल केलाय, डॅशबोर्डसाठी वेगळा एस्टिमेट मागितलाय. मॅनेजर तयार झाले, शनिवार रद्द. स्क्रम मास्टरला गाइडमधला तो भाग दाखवला तर म्हणाला असं लिहिलंय होय, ट्रेनिंगमध्ये तर लॉकच सांगितलं होतं. आता रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतर पद्धत सुधारायची मीटिंग) स्प्रिंट गोल लिहायचा मुद्दा मी मांडणार आहे.

शेवटचं, सर्टिफिकेशन करावं का? आणि केलं तर कुठलं, आमच्याकडे अप्रेझलमध्ये धरतात.

कर्जत_फास्ट:

अप्रेझलमध्ये धरत असतील तर करा. सीएसएमला (सर्टिफाइड स्क्रम मास्टर, स्क्रम अलायन्सचं) त्यांच्या ट्रेनरचा कोर्स करावाच लागतो आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरणाचे पैसे भरावे लागतात. पीएसएम-१ ला (प्रोफेशनल स्क्रम मास्टर, स्क्रम डॉट ऑर्गचं) क्लासची सक्ती नाही आणि एकदा पास झालात की त्याची मुदत संपत नाही, ८० प्रश्न, ६० मिनिटं, ८५ टक्क्यांना पास, म्हणजे प्रश्नाला पाऊण मिनिटच मिळतं, विचार करत बसायला वेळ नसतो. २०२० चं गाइड दोनतीनदा नीट वाचा, मग त्यांची स्क्रम ओपन नावाची फुकट सराव परीक्षा आहे ती सतत १०० टक्के येईपर्यंत सोडवा आणि मगच फी भरा. ऑफिसमध्ये जसं चालतं तसं उत्तर देऊ नका, गाइडमध्ये जसं आहे तसं द्या, बहुतेक लोक तिथंच नापास होतात.